ऑनलाइन नकाशावरून हॉटेल-खानावळींची यादी काढणे: कुठून, कशी आणि कितपत वापरायची?

धुराडं

धंदा असा: हॉटेलांच्या चिमणी-डक्टची सफाई, एक्झॉस्टच्या मोटरची दुरुस्ती, फिल्टर बदलून देणं. क्षेत्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड. गिऱ्हाईक म्हणजे तंदूर किंवा चायनीज भट्टीवाली हॉटेलं, मोठ्या मेस, केटरर, बेकऱ्या, क्लाउड किचन. नाव, पत्ता, फोन, नकाशावरची जागा आणि आज चालू आहे की बंद, एवढे रकाने हवेत. हाताने एकेक शोधून वहीत उतरवण्यात महिना जाईल. जाणकारांनी नेमकी पद्धत सांगावी. दहावी-बारावीची मुलं पायथन शिकतात तेवढं पायथन येतं असं धरून चाला.

फुकटफौजदार

एवढा विचार कशाला? ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाका, गूगल मॅप्सवर "रेस्टॉरंट पुणे" शोधा, बटण दाबा. दहा मिनिटांत शीट तयार.

अक्षांश१८

फौजदार, त्या शीटमध्ये किती ओळी आल्या ते मोजा. एका शोधाची डावीकडची यादी साधारण १२० नावांपाशी संपते. पुण्यासारख्या शहरात हे काहीच नाही. शिवाय ती १२० पुणेभर पसरलेली नसतात. नकाशा उघडला तेव्हा मधोमध जे होतं त्याच्या आसपासची आणि जास्त परीक्षणं असलेली वर येतात, जाहिरातीतली नावं मध्येच घुसतात आणि त्यामुळे दुहेरी ओळी पडतात. डेक्कनवरून शोधलं तर मोशी दिसत नाही.

दुसरं, पानाची रचना बदलली की एक्स्टेंशन पत्त्याच्या रकान्यात वेळा भरतं, फोनच्या रकान्यात "उघडे आहे" लिहितं, आणि एरर येत नाही. पहिल्या वीस ओळी नीट दिसतात, बिघाड खाली असतो. आणि अशी बरीच एक्स्टेंशनं "सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे व बदलणे" ही परवानगी मागतात. त्याच ब्राउझरमध्ये बँक उघडत असाल तर निदान वेगळं प्रोफाइल तरी ठेवा.

नियमावली

आणि ते नियमातही बसत नाही. गूगल मॅप्सच्या वापरकर्त्यांसाठीच्या अटींत माहिती घाऊक उतरवून घेण्याला मनाई आहे. एपीआयच्या (म्हणजे प्रोग्राममधून गूगलकडे थेट माहिती मागण्याच्या सोयीच्या) अटी त्याहून स्पष्ट आहेत: व्यवसायांची नावं, पत्ते, परीक्षणं उतरवून आपल्याकडे साठवायची नाहीत. साठवायला परवानगी आहे ती प्लेस आयडी (गूगलने त्या ठिकाणाला दिलेली खूण) कायमची, आणि अक्षांश-रेखांश सलग ३० दिवस. म्हणजे पैसे भरून एपीआय वापरला तरी "फोनसकट एक्सेल करून वर्षभर वापरतो" हे बसत नाही. या धाग्यावर पुढे जे काही सुचवलं जाईल ते ही चौकट धरून सुचवावं ही विनंती.

धुराडं

म्हणजे दारच बंद?

अक्षांश१८

दार बंद नाही, दारं दोन आहेत. साठवायची यादी खुल्या परवान्याच्या डेटातून बनवायची. गूगलचा एपीआय वापरायचा तो घनता मोजायला आणि "आज चालू आहे का" हे त्या वेळेपुरतं पाहायला. आधी साठवायची यादी.

ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालं. ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम हे संस्थापक. त्यांच्या डेटात "प्लेसेस" नावाचा भाग आहे: नाव, वर्ग, पत्ता, फोन, वेबसाइट, सोशल मीडियाचे दुवे आणि ते ठिकाण खरंच आहे याची खात्री किती हे सांगणारा ० ते १ मधला विश्वासांक. नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला येते. साठवायला आणि धंद्यासाठी वापरायला मुभा आहे.

सगळ्या जगाची फाइल उतरवायची गरज नाही. डकडीबी हे छोटं साधन बसवा, त्यात स्पेशियल आणि एचटीटीपीएफएस ही दोन एक्स्टेंशनं चालू करा आणि थेट क्लाउडवरच्या पार्के फाइलींवर (ओव्हर्चरचा डेटा या प्रकारच्या तक्ता-फाइलींत असतो) प्रश्न चालवा. पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी चौकट घ्या: रेखांश ७३.७० ते ७४.००, अक्षांश १८.४० ते १८.७२. हिंजवडी, निगडी, वाघोली, कात्रज सगळं आत येतं, तळेगाव बाहेर राहतं.

इथे हमखास होणारी चूक: लोक भूमितीच्या रकान्यावर गाळणी लावतात. मग जगभरच्या ओळी वाचल्या जातात आणि लॅपटॉप तासभर घुमत बसतो. गाळणी बीबॉक्स (ठिकाणाभोवतीची चौकट) या रकान्याच्या किमान-कमाल आकड्यांवर लावा, म्हणजे फाइलीचे फक्त लागणारे तुकडे वाचले जातात. फोन आणि वेबसाइट हे रकाने एकेका मूल्याचे नसून याद्या आहेत. पहिलं मूल्य वेगळं काढलं नाही तर सीएसव्हीत चौकोनी कंस आणि अवतरणचिन्हं येतात. आवृत्तीगणिक रकान्यांची नावं बदलू शकतात. मागच्या वेळचा प्रश्न तसाच चिकटवण्याआधी त्या आवृत्तीची टिपणं वाचा.

आता दोष. यातला मोठा भाग फेसबुकवरच्या व्यवसाय-पानांवरून आलेला आहे. घरून डबे देणाऱ्यांनी उघडलेली आणि सोडून दिलेली पानं, "आमचं मित्रमंडळ कट्टा" असले प्रकार, चुकीच्या गल्लीत पडलेले ठिपके हे सगळं त्यात आहे. विश्वासांक किती धरायचा हे कोणाला विचारू नका. ०.४ ते ०.६, ०.६ ते ०.८ आणि ०.८ च्या वर असे तीन गट करा, प्रत्येकातून यादृच्छिक ५० नावं उचला, हाताने तपासा आणि ज्या गटात निम्म्याहून जास्त खोटी निघतील तो सोडा. दीड-दोन तासांचं काम आहे, पण पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

सारणीसम्राट

वाचनखूण साठवली. दोन भर घालतो.

फोरस्क्वेअरने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या ठिकाणांचा संच अपाचे २.० परवान्याखाली खुला केला. १० कोटींहून अधिक ठिकाणं आहेत. त्यात शेवटचं अद्ययावत कधी झालं आणि कधी बंद झालं असे दोन तारखांचे रकाने आहेत, ते फार कामाचे. बंद झाल्याची तारीख भरलेली ओळ लगेच काढा. तीन वर्षांत ज्याला कोणी हात लावलेला नाही ती ओळ वेगळ्या शीटमध्ये. फेकू नका, पण पहिल्या फेरीत घेऊ नका.

ओपनस्ट्रीटमॅपही आहे. ओव्हरपास टर्बो या पानावर चौकट आखून रेस्टॉरंट, फास्ट फूड आणि बेकरी असे टॅग मागा. निकालात "सेंटर" मागायला विसरू नका. कित्येक हॉटेलं ठिपका म्हणून नाही तर इमारतीचा आकार म्हणून काढलेली असतात आणि सेंटर नसेल तर त्यांना अक्षांश-रेखांशच मिळत नाहीत. फोन नंबर आपल्याकडे क्वचितच भरलेले असतात. म्हणून हा स्रोत फोनसाठी नाही, जागा अचूक करण्यासाठी. परवाना ओडीबीएल: घरच्या घरी वापराल तर अडचण नाही, पण त्यावरून बनवलेला संच जाहीर केलात तर श्रेय द्यावं लागतं आणि तो संचही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. म्हणून तीन स्रोत एकत्र करताना "ही ओळ कुठून आली" हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर वेगळं करता येत नाही.

पिवळीवही

धागाकर्ते, वर्गाच्या नावावर जाऊ नका. "रेस्टॉरंट" या एका वर्गात अमृततुल्य, ज्यूस सेंटर, उसाचं गुऱ्हाळ, मिसळवाला आणि तंदूरवाला सगळे एका पंगतीत बसलेले असतात. डक्ट असतो त्यातल्या काहींकडेच. नावातल्या शब्दांवर आधी चाळण लावा. बिर्याणी, तंदूर, चायनीज, बार्बेक्यू, मालवणी, फॅमिली, परमिट रूम, गार्डन हे शब्द पुढे घ्या. चहा, अमृततुल्य, ज्यूस, आइस्क्रीम, स्वीट, पाणीपुरी मागे. "हॉटेल" हा वर्ग वेगळा मागवा, कारण नकाशांच्या दृष्टीने हॉटेल म्हणजे लॉज आणि आपल्याकडे पाटीवर "हॉटेल" लिहिणारा थाळी विकत असतो. दोन्ही वर्गांत गोंधळ सापडतो.

मंगल कार्यालयं विसरू नका. स्वयंपाकघर मोठं, वापर हंगामी. तुळशीच्या लग्नाआधीचा महिना त्यांच्या सफाईचा. ती रेस्टॉरंटमध्ये कधीच येत नाहीत, "इव्हेंट व्हेन्यू" किंवा "बँक्वेट" मध्ये सापडतात.

अक्षांश१८

आता गूगलचा भाग, धागाकर्त्यांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून.

एपीआयमधला टेक्स्ट सर्च, म्हणजे शब्द देऊन शोध, एका प्रश्नाला एका पानावर २० आणि तीन पानं मिळून जास्तीत जास्त ६० निकाल देतो. नव्या एपीआयमधला निअरबाय सर्च, म्हणजे एका जागेच्या आसपासचा शोध, एका वेळी २० देतो, पुढचं पान नाही. म्हणून शहराचे चौकोन पाडायचे. पुण्याच्या अक्षांशावर १ किमी म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ०.००९ अंश आणि पूर्व-पश्चिम सुमारे ०.००९५ अंश. सुरुवातच १ किमीच्या चौकोनांनी केली तर वर दिलेल्या चौकटीत अकराशेच्या वर चौकोन होतात आणि त्यात टेकड्या, लष्कराची जागा, विमानतळ सगळं फुकट शोधलं जातं. त्याऐवजी ४ किमीपासून सुरू करा: ८ गुणिले ९, म्हणजे ७२ चौकोन. ज्या चौकोनाला पूर्ण ६० मिळाले तो भरलेला समजा आणि त्याचे चार तुकडे करा. ६० पेक्षा कमी आले तर तिथे थांबा. २५० मीटरपर्यंत खाली जा. तरीही ६० च येत असतील, मॉलच्या फूड कोर्टमध्ये हे होतं, तर जागा आणखी कापण्याऐवजी शब्द बदला: बिर्याणी, चायनीज, मेस, केटरर असे वेगवेगळे प्रश्न, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडून. "रेस्टॉरंट" म्हणून शोधलं की "भोजनालय" पाटीवाला बऱ्याचदा सुटतो.

चौकोन देताना "बायस" नको, "रिस्ट्रिक्शन" द्या. बायस दिला तर गूगल चौकोनाबाहेरचीही नावं देतो, मग शेजारच्या दोन चौकोनांत तीच ६० येतात आणि तुकडे पाडण्याला अर्थ राहत नाही. निअरबाय वापरणार असाल तर तो वर्तुळ मागतो. १ किमीचा चौकोन पूर्ण झाकायला त्रिज्या ५०० मीटर पुरत नाही, कोपरे राहतात. ७१० मीटर धरा, थोडं एकमेकांवर चढेल ते चालतं.

पैशांचं गणित फील्ड मास्कवर, म्हणजे उत्तरात कोणते रकाने मागता त्या यादीवर, चालतं. फक्त आयडी मागितला तर टेक्स्ट सर्चला शुल्क नाही. फोन किंवा वेबसाइट मागितली की तोच प्रश्न वरच्या दरात जातो. आणि मास्कमध्ये आळसाने तारांकन टाकलं तर सगळ्यात महाग दर लागतो. प्रत्येक पान ही वेगळी विनंती धरली जाते हेही लक्षात घ्या. पूर्वीचं दरमहा २०० डॉलरचं मोफत क्रेडिट मार्च २०२५ पासून गेलं, आता प्रत्येक सेवेला वेगळा मोफत कोटा आहे आणि भारतातल्या बिलिंग खात्यांचे दर वेगळे. गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये दिवसाची विनंती-मर्यादा आधी लावा. बजेटचा इशारा फक्त मेल पाठवतो, काम थांबवत नाही.

म्हणजे क्रम असा: फक्त-आयडीच्या शोधाने कुठल्या चौकोनात किती दाटी आहे ते बघा आणि कुठल्या भागापासून सुरुवात करायची ते ठरवा. यादी ओव्हर्चर आणि फोरस्क्वेअरची. ज्या दिवशी ज्या भागात जायचं त्या दिवशी तेवढ्याच ठिकाणांची चालू-बंद स्थिती बघा. "तात्पुरते बंद" आणि "कायमचे बंद" या दोन वेगळ्या स्थिती आहेत. तात्पुरते बंद म्हणजे बहुतेक वेळा नूतनीकरण चालू, आणि तुमच्या धंद्याला तो उत्तम मुहूर्त.

सारणीसम्राट

फोन नंबरांवर स्वतंत्र लिहितो, सगळ्यात जास्त घाण तिथे असते.

सीएसव्हीवर डबल क्लिक करून एक्सेल उघडू नका. ०२० चा शून्य जातो, +९१ लावलेला मोबाइल ९.१९ई+११ होतो, आणि तशीच फाइल सेव्ह केली तर नंबर परत मिळत नाही. डेटा टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट" ने घ्या, एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरी नावांची रांगोळी होते. फोनचा रकाना टेक्स्ट करा.

मोबाइल की लँडलाइन हे ओळखायला "दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू" हा नियम लोक लावतात. पुण्या-मुंबईत तो चालून जातो, कारण २० आणि २२ हे दोन्ही २ ने सुरू होतात. नागपूरला आपटतो. ०७१२ चा शून्य गेला की ७१२ अधिक सात आकडे, म्हणजे बरोबर दहा आकडी आणि ७ ने सुरू! गोव्याचं ०८३२ तसंच. पुढे क्षेत्र वाढवणार असाल तर एसटीडी कोडांची यादी आधी तपासा आणि मगच मोबाइलचा नियम लावा, किंवा गूगलची लिबफोननंबर लायब्ररी वापरा. १८०० चे नंबर वेगळे काढा, ते साखळी हॉटेलांच्या मुख्यालयाचे असतात. सफाईचा निर्णय शाखेत होतो की मुख्यालयात हे साखळीगणिक बदलतं.

दुहेरी नोंदी काढताना फक्त फोनवर जाऊ नका. दोन अटी एकत्र लावा: अंतर ७५ मीटरच्या आत आणि नावाचं साम्य ८५ च्या वर. पायथनच्या रॅपिडफझ लायब्ररीतला टोकन-सेट गुणांक घ्या. साम्य मोजण्याआधी देवनागरी नावं रोमनमध्ये उतरवा, नाहीतर "हॉटेल श्रीकृष्ण" आणि त्याचंच इंग्रजी नाव यांचं साम्य शून्य निघतं. हॉटेल, रेस्टॉरंट, प्युअर व्हेज, फॅमिली हे शब्द तुलनेपुरते गाळा. "न्यू" मात्र गाळू नका, आणि टोकन-सेट गुणांक एका नावातला जादा शब्द धरत नाही म्हणून "न्यू" एकाच नावात असेल तर त्या नोंदी वेगळ्याच ठेवा. आपल्याकडे "न्यू" म्हणजे भावाभावांची वाटणी झाल्यावर शेजारच्या गाळ्यात उघडलेलं दुसरं हॉटेल असू शकतं, आणि दोघांकडे वेगवेगळी चिमणी असते.

पिनकोडवर गाळणार असाल तर ४११ एवढंच धरू नका. वाघोली ४१२२०७, फुरसुंगी ४१२३०८. पत्त्यातला पिन अनेकदा चुकीचाही असतो. हद्दीचा बहुभुज घेऊन ठिपका आत आहे का ते पाहणं बरं.

पिवळीवही

क्लाउड किचनसाठी एक किल्ली: एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर. डिलिव्हरी ॲपवर हॉटेलच्या पानाच्या तळाशी तो छापलेला असतो. परवाना जागेला मिळतो, त्यामुळे बिर्याणी, मोमो आणि बर्गर अशा तीन नावांखाली एकच नंबर दिसला तर स्वयंपाकघर एकच आहे, तीन नाहीत. १ ने सुरू होणारा नंबर म्हणजे परवाना, २ ने सुरू होणारा म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी. चिमणीवाल्यांना बहुतेक १ वालेच लागतील. हे मात्र हाताने, निवडक नावांपुरतं करा.

बिलावर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) असेल तर त्यातूनही कळतं. १५ पैकी पहिले दोन २७ म्हणजे महाराष्ट्र, आणि सहावं अक्षर पी असेल तर एकट्या मालकाचा धंदा, एफ भागीदारी, सी कंपनी. पी असेल तर गल्ल्यावरच्या माणसाशी बोलून तिथेच सौदा होऊ शकतो. सी असेल तर कोटेशन, मेल, मंजुरी, मग तीन आठवडे.

धुराडं

फार उपयोगी. यादी झाली की सरळ दोन मुलं बसवून फोन लावायचे असा विचार आहे. दिवसाला शंभर. व्हॉट्सॲपवर रेट-कार्डही.

नियमावली

थांबा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमावलीनुसार साध्या दहा आकडी नंबरावरून प्रचाराचे कॉल करणं हे नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरचं काम ठरतं. प्रचाराच्या कॉलसाठी नोंदणी आणि १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर कॉल घेणाऱ्याला तक्रारीसाठी ३ ऐवजी ७ दिवस मिळतात आणि कारवाईचा उंबरठा १० दिवसांत ५ तक्रारी इतका खाली आला आहे. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा घडलं तर तुमच्या नावावरची सगळी कनेक्शनं वर्षभर तुटतात. दिवसाला शंभर अनोळखी कॉल म्हटल्यावर पाच तक्रारी जमायला वेळ लागत नाही. धंद्याचा मुख्य नंबर त्यात गेला तर जुनी गिऱ्हाइकंही गेली.

व्हॉट्सॲपचंही तेच. बिझनेस ॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. एपीआय घेतला तर आधी संमती लागते. लोकांनी ब्लॉक-रिपोर्ट केलं की दर्जा घसरतो आणि नंबर अडकतो.

वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात, व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला सूट आहे. मालकाने स्वतः पाटीवर किंवा आपल्या पानावर टाकलेला नंबर त्यात बसू शकतो. कुठल्याशा विकतच्या यादीतला त्याचा घरचा मोबाइल बसत नाही. विकतच्या याद्या टाळायचं हे एक कारण. तरीही घ्यायचीच असेल तर विक्रेत्याने निवडलेला नमुना पाहू नका. तुम्ही सांगाल त्या पिनकोडचा नमुना मागा. तिथेच बरेच गप्प होतात.

ऱ्हाइनकाठ

इथे वाचणाऱ्यांपैकी कोणी जर्मन कंपन्यांसाठी पुण्यात बसून अशा याद्या करत असेल तर: तिकडे स्पर्धा कायद्याच्या कलम ७ प्रमाणे जाहिरातीच्या ईमेलला आधी स्पष्ट संमती लागते, व्यवसायाला पाठवत असलात तरी. कंपन्यांना फोन करायलाही निदान गृहीत धरता येईल अशी संमती हवी. शिवाय माहिती त्या माणसाकडून न घेता इतर ठिकाणाहून घेतली असेल तर जीडीपीआरच्या (युरोपच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याच्या) कलम १४ प्रमाणे त्याला जास्तीत जास्त एका महिन्यात कळवावं लागतं. वेबसाइटच्या "इम्प्रेसुम" (चालवणाऱ्याचं नाव-पत्ता देणाऱ्या) पानावर ईमेल छापलेला असतो, पण तो छापलाय म्हणून संमती धरता येत नाही.

फुकटफौजदार

म्हणजे एवढी यादी करून फोनच करायचा नाही? मग लोणचं घालायचं का तिचं?

पिवळीवही

फौजदार, या धंद्यात ती चालण्याची यादी आहे. डक्टची अवस्था बाहेरून दिसते. मागच्या गल्लीत जाऊन भिंतीवर तेलाचे ओघळ, काळी जाळी, थरथरणारा पंखा बघून मग आत जायचं आणि त्याच गोष्टीवर बोलायचं. फोनवर हे सांगता येत नाही.

यादीतले ठिपके क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका, ३०० मीटरच्या आत पडणाऱ्यांचे पुंजके करा, एका माणसाला एका दुपारी २० ते २५ ठिकाणांचा एक पुंजका द्या. वेळ ४ ते ६. बारा ते तीन आणि संध्याकाळी साडेसातनंतर हॉटेलात शिरलात तर मालक उभाही करणार नाही. शनिवार-रविवार नको. बेकऱ्यांना उलट, सकाळी ११ नंतर, भट्टी थंडावल्यावर.

त्या भेटीत मालक स्वतः जो नंबर देईल तो तुमचा. "पुन्हा फोन केला तर चालेल का" हे विचारून तारखेसकट लिहून ठेवा, जमल्यास त्याच्याच फोनवरून तुम्हाला एक मेसेज टाकायला सांगा. त्यानंतर रेट-कार्ड पाठवा.

धुराडं

समजलं. शेवटचा प्रश्न. शीटमध्ये रकाने कोणते ठेवू, आणि यादी शिळी किती दिवसांत होते?

सारणीसम्राट

रकाने: आपला क्रमांक, स्रोत, स्रोताची आवृत्ती, नाव, पत्ता, फोन, अक्षांश, रेखांश, पुंजका, प्लेस आयडी, भट्टीचा प्रकार, स्थिती, स्थिती कोणी कधी पाहिली, संमतीची तारीख, पुढची भेट. स्थितीला मोकळा मजकूर नको, ठरावीक सहाच शब्द: न पाहिलेलं, चालू, बंद, हलवलं, डक्ट नाही, परत येऊ नका. शेवटच्या स्थितीची ओळ कधीही पुसू नका. पुसली तर पुढच्या महिन्याच्या आवृत्तीतून तेच हॉटेल "नवं" म्हणून परत येतं आणि माणूस पुन्हा त्याच दारात उभा राहतो.

ताजेपणाचं म्हणाल तर नवी आवृत्ती तीन महिन्यांनी घेतली तरी पुरे. दर वेळी जुन्या यादीशी अंतर आणि नावावरून जुळवा आणि फक्त नवी पडलेली वेगळी काढा, ती आधी बघा. प्लेस आयडी १२ महिन्यांहून जुने झाले की पुन्हा ताजे करून घ्या. फक्त आयडी मागितला तर त्यालाही शुल्क नाही. "सापडत नाही" असं उत्तर आलं तर ते हॉटेल बंद झालं असं लगेच धरू नका. जागा बदलली किंवा दोन नोंदी एक झाल्या की आयडी बदलतो. त्या ओळी "न पाहिलेलं" मध्ये टाकून पुढच्या फेरीत त्याच पुंजक्याच्या माणसाकडे द्या.